भाटिया, दीपा

हिंदी चित्रपटांच्या संकलक व माहितीपटकार. विदर्भातील कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांचा वेध घेणारा ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९) हा सुमारे तासाभराचा माहितीपट त्यांनी दिग्दर्शित केला; परंतु त्याच्या केंद्रस्थानी असलेले पत्रकार पी. साईनाथ यांच्या कीर्तीमुळे तो बहुधा साईनाथांच्याच नावाने ओळखला जातो.

अशी सावली त्यांच्या वाट्याला पूर्वीही आली होती. ‘तारे जमीन पर’ (२००७) या चित्रपटाचे कथाबीज त्यांनी पती अमोल गुप्ते यांच्यासह फुलवले आणि संकलनही केले. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचे शाळेत मागे पडलेले बालपण, ही त्यामागची मूळ प्रेरणा असल्याचे त्यांनी सांगितले आहे. प्रेक्षकांच्या लक्षात मात्र आमिर खान यांचे नाव राहिले. ‘रॉक ऑन’, ‘माय नेम इज खान’, ‘स्टॅन्ली का डब्बा’ आणि ‘काय पो छे’ यांचेही संकलन त्यांचेच.

माहितीपटाच्या शीर्षकामागे टॅसिटस या रोमन इतिहासकाराच्या ग्रंथातील एक प्रसंग आहे. इ. स. ६४ मधील रोमच्या आगीनंतर नीरोने आपल्या उद्यानात शिक्षा झालेल्या माणसांना जाळून रात्रीचा उजेड केला, असे टॅसिटस सांगतो. त्या उजेडात वावरणारे पाहुणे कोण होते, हा साईनाथांचा प्रश्न. मुंबईतील एका फॅशन सप्ताहाला पाचशेहून अधिक पत्रकार हजर असताना विदर्भातील आत्महत्यांचे वार्तांकन करायला जेमतेम सहा होते, हे उदाहरणही ते व्याख्यानांत देत. प्रश्न साईनाथांचा, म्हणून माहितीपटही त्यांचाच, असे मानण्याकडे कल दिसतो. २००७ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाल्याने त्यांचे नाव आधीच सर्वतोमुखी होते, हेही त्याचे एक कारण असावे. तथापि एकीकडे सभागृहातील व्याख्यान आणि दुसरीकडे कर्ता पुरुष गेलेल्या कास्तकाराचे घर, ही दोन्ही दृश्ये कोणत्या क्षणी शेजारी आणायची, हा निर्णय दिग्दर्शकाचा असतो. लेखातील आकडा वाचून पुढे जाता येते. इथे तसे जाता येत नाही, आणि हे सामर्थ्य मांडणीतून आलेले आहे. या दृष्टीने माहितीपटाचे कर्तृत्व भाटिया यांच्याकडे देणेच अधिक सयुक्तिक ठरते.

विदर्भातील या संकटाचा आरंभ नेमका केव्हा मानावा, याविषयी एकवाक्यता नाही. यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने मार्च १९८६ मध्ये केलेली सामूहिक आत्महत्या ही पहिली जाहीर नोंद समजली जाते; राष्ट्रीय पातळीवरील स्वतंत्र आकडेवारी मात्र १९९५ पासूनची आहे. कोरडवाहू कापसाचा वाढता खर्च, अनिश्चित भाव आणि १९७२ पासूनच्या एकाधिकार खरेदी योजनेची (राज्य शासनानेच कापूस विकत घेण्याची) पुढे झालेली पडझड पाहता नव्वदीच्या दशकाचा उत्तरार्ध हा काळ अधिक संभाव्य वाटतो. मोजणीही निर्दोष नाही. आत्महत्येनंतर प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’, हे सरकारी समिती ठरवते. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचे की परवानाधारक सावकाराचे, वसुलीचा तगादा होता का, हे तपासून मगच एक लाख रुपयांची मदत मिळते. सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असल्यामुळे पऱ्हाटीत (कापसाच्या पिकात) आयुष्य घालवलेली बाईसुद्धा कागदोपत्री शेतकरी ठरत नाही.

१ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. शासनाला दखल घेणे भाग पाडण्यात साईनाथ व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखनाचा वाटा होता, ही माहितीपटाची भूमिका आहे.

भाटिया यांनी पुढे बालकलाकारांविषयीची ‘फर्स्ट अ‍ॅक्ट’ (२०२३) ही माहितीपट-मालिका दिग्दर्शित केली.