नाकावरून विमान ओळखू नका: मिग-२१ आणि सुखोई-२२

जुन्या हवाईतळावरचं विमान संग्रहालय बघून आलेल्या माणसाच्या फोटोंत एक तरी सुखोई-२२ ‘मिग-२१’ म्हणून खपवलेलं असतंच. नाकाला गोल भोक, भोकात शंकू, की झालं मिग! सोव्हिएत बनावटीचं सगळंच मिग, या समजुतीचा आता खरोखर कंटाळा आलाय.

मिग-२१ बद्दल फार सांगत बसत नाही. त्रिकोणी पंख, सडपातळ अंग, काम शत्रूची विमानं गाठण्याचं, आणि दहा हजारांहून जास्त नग बनले. सुखोई-२२ हे सुखोई-१७ चं निर्यातीचं रूप, आणि दोघांचं मूळ सुखोई-७. त्याचं काम जमिनीवर मारा करायचं.

गोंधळ होतो तो नाकामुळे. ध्वनीपेक्षा जास्त वेगात समोरून येणारी हवा इंजिनात शिरण्याआधी मंद करावी लागते. ते काम शंकू करतो, म्हणून त्या पिढीत तो दोन्ही घराण्यांत दिसतो. १९५० च्या दशकात सोव्हिएत वायुगतिकी संस्था ‘त्सागी’ हिच्या संशोधनातून पंखाचे दोन आकार पुढे आले, एक मागे झुकलेला आणि एक त्रिकोणी. मिकोयान (मिग विमानं त्यांचीच) आणि सुखोई या दोन्ही विमान-आराखडा कार्यालयांनी दोन्ही आकार करून पाहिले. मिग-२१ ला त्रिकोणी पंख मिळाला, सुखोई-७ ला झुकलेला. म्हणजे खरा फरक पंखात आहे, आणि लोक नेमके नाकासमोर उभे राहून फोटो काढतात. तिथून पंख कडेने दिसतो, निव्वळ एक पातळ रेघ. त्यावरून काय कळणार?

म्हणून बाजूने चालत मागे जा आणि पंखाची मागची कड बघा. मिग-२१ ची कड धडाला जवळपास काटकोनात, सरळ बाहेर जाते. सुखोई-२२ चा पंख टोकाकडे जाताना मागेच कललेला असतो. शिवाय त्याचा फक्त बाहेरचा भाग हलतो, साधारण ३० अंशांपासून ६३ अंशांपर्यंत. आतला भाग धडाला पक्का. या दोहोंच्या सांध्यापाशी पंखावर एक ठसठशीत उभी पट्टी असते, विंग फेन्स. ती दिसली की वाद संपला. आणखी खात्री हवी असेल तर पंखाच्या मुळाशी बघा. सुखोईत दोन्ही बाजूंना ३० मिलिमीटर तोफेची एकेक नळी तिथून बाहेर डोकावते. मिगची तोफ, असलीच तर, पोटाखाली असते, आणि चाकं धडात उभी मावावीत म्हणून पंखाच्या वर धडाला फुगवटा आलेला असतो.

आकाराचं बोलायचं तर मिगचा पंखविस्तार ७.१५ मीटर. सुखोईचे पंख पूर्ण मागे नेले तरी १० मीटर भरतात, उघडले की १३ च्या वर. शेजारी शेजारी असतील तर पोरही सांगेल. पण संग्रहालयात ती क्वचितच शेजारी असतात.

रंगावर मात्र अजिबात जाऊ नका. उघड्यावर ठेवलेली विमानं ऊन-पावसात विटतात आणि पुन्हा रंगवली जातात; हाताला लागेल तो हिरवा फासलेला मी पाहिलाय. नाकच बघायचं असेल तर शंकूचं टोक बघा: सुखोई-२२ च्या एम४ या उपप्रकारात तिथे लेझरची काचेची खिडकी असते, मिग-२१ च्या शंकूत रडार.

सरावाला बर्लिनचं गाटो उत्तम. १९९४ पर्यंत ब्रिटिश हवाई दलाचा तळ, आता जर्मन सैन्याचं संग्रहालय. जर्मनी एक झाल्यावर पूर्व जर्मनीची विमानं हाती आली, त्यामुळे तिथे मिग-२१ आणि सुखोई-२२ दोन्ही बघायला मिळतात. आधी पाट्या न वाचता फिरा.

मॉस्कोजवळच्या मोनिनोच्या विमान संग्रहालयात जाणार असाल तर एक सावधगिरी. तिथे सुखोईचंच आणखी एक विमान, सुखोई-९, उभं आहे: नाकाला भोक, शंकू, आणि पंखही त्रिकोणी. इथे मागच्या कडेची युक्ती चालत नाही. पंखविस्तार साडेआठ मीटर, धड मिगपेक्षा चांगलंच लांब, आणि तोफ कुठेच नाही, हे बघून ठरवा.