धार लावलेला वस्तरा हातात आल्यावर : धार कशी तपासाल?

वस्तरा परत मिळाला की ग्राहक आम्हाला बहुधा एकच विचारतात : 'हा दाढीजोगा झालाय, हे घरी कसं ओळखायचं?' प्रश्न रास्त आहे. धार डोळ्यांना दिसत नाही आणि बोटालाही पुरती कळत नाही. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. चांगल्या वस्तऱ्याच्या धारेचा शेवटचा काठ एका मायक्रॉनपेक्षाही बराच बारीक असतो. त्यामुळे धारेचा अंदाज ती काय करते यावरूनच घ्यावा लागतो. त्यासाठी प्रचलित असलेल्या चाचण्यांपैकी काही उपयोगी आहेत, काही चुकीच्या टप्प्यावर केल्या जातात आणि एक-दोन तर लावलेली धार घालवतात. म्हणून हे माहितीपत्रक.

तपासण्याआधी

गंज चढू नये म्हणून पात्याला तेलाचा पातळ हात दिलेला असतो. तेलकट धारेवरून केस घसरतो आणि वस्तरा बोथट असल्यासारखा वाटतो. म्हणून आधी तेल पुसून काढा. मऊ कापड किंवा टिश्यू पेपर पात्याच्या पाठीच्या जाड कडेवर ठेवून धारेच्या दिशेने पुसत बाहेर न्या. धारेच्या लांबीवरून कापड कधीही ओढू नका, त्यात कापड चिरतं आणि बोटही. आम्ही वस्तरा देण्याआधी कापडी आणि चामडी पट्ट्यावर फिरवलेला असतो, त्यामुळे पहिल्या तपासणीआधी पुन्हा पट्टा मारायची गरज नाही.

उजेडात बघणं

दिव्याखाली वस्तरा असा धरा की धार थेट तुमच्या डोळ्यांकडे येईल, आणि पातं हळूहळू कलतं करा. धारेवर कुठेही पांढरा ठिपका किंवा रेघ चमकली, तर तिथे काठ चपटा आहे किंवा कपचा उडालेला आहे. तीक्ष्ण काठाला उजेड परतवायला जागाच नसते. दहा पट मोठं दाखवणारं भिंग असेल तर आणखी एक गोष्ट बघता येते : दगडाच्या बारीक रेघा दोन्ही बाजूंनी अगदी काठापर्यंत पोचल्या आहेत की मध्येच थांबल्या आहेत. थांबल्या असतील तर तेवढ्या जागी दगड धारेला लागलेलाच नाही.

ही चाचणी धार नाही एवढंच खात्रीने सांगते. १००० ग्रिटच्या दगडावरून (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा; आकडा लहान तितका दगड जाड) उतरलेला वस्तराही उजेडात चमकत नाही, पण त्याने कुणी दाढी करू नये.

नख, अंगठा आणि हातावरचे केस

ओल्या नखावरून धार अलगद सरकवून बघायची जुनी पद्धत आहे. कारखान्यात आम्हीही ती वापरतो, पण सुरुवातीच्या जाड दगडानंतरच. नख गुळगुळीत सरकलं तर ठीक, कुठे अडकलं तर तिथे कपचा आहे असं समजतं. नखाने काठाची जी हानी होते ती पुढच्या दगडांवर निघून जाते. तयार वस्तऱ्याला पुढचा दगड नसतो. तयार धार नखावर तपासू नका. आमच्याकडे परत येणाऱ्या वस्तऱ्यांत याच कारणाने बिघडलेले बरेच असतात.

अंगठ्याच्या ओलसर गादीने धार चाचपणारे कसबी न्हावी आहेत आणि त्यांचा अंदाज पक्का असतो. धारदार काठ कातडीला किंचित चिकटल्यासारखा वाटतो, बोथट काठावरून अंगठा निसटतो. पण हा अंदाज अनेक वस्तरे हाताखालून गेल्यावरच बसतो. तुम्हाला करून बघायचंच असेल तर अंगठा धारेला आडवा, पाठीकडून बाहेर न्यायचा. धारेच्या लांबीवरून फिरवायचा नाही आणि दाबायचा तर मुळीच नाही. नवख्या माणसाने हे टाळलेलं बरं.

हातावरचे केस कातडीला टेकवून भादरले गेले म्हणून खूश होऊ नका. एवढं काम १००० ग्रिटच्या दगडावरच व्हायला हवं. धारेचे दोन्ही उतार काठाशी एकत्र आले आहेत इतकाच त्याचा अर्थ. वस्तरा कातडीपासून पाचसहा मिलिमीटर वर ठेवून, कातडीला न टेकवता फिरवला आणि केसांचे शेंडे खुडले गेले, तर मात्र धार बरीच पुढे गेलेली असते. हे मुठीजवळ, मध्ये आणि टोकाशी, तिन्ही ठिकाणी करून बघा.

लोंबत्या केसाची चाचणी

घरी करता येण्याजोग्या चाचण्यांत आमचा सगळ्यात जास्त भरवसा हिच्यावर आहे. तिच्यातून सर्वांत जास्त गैरसमजही होतात, म्हणून जरा सविस्तर.

डोक्याचा एक लांब, धुतलेला आणि पूर्ण सुकलेला केस घ्या. कंगव्यातला चालेल. केसावर मुळापासून शेंड्याकडे एकावर एक चढलेले खवले असतात, छपरावरच्या कौलांसारखे. त्यामुळे तो अंगठा आणि बोट यांच्यात धरून चोळला की आपोआप एका बाजूला सरकत जातो. ज्या टोकाकडे सरकेल ते मूळ. आता केस शेंड्याच्या बाजूने चिमटीत धरा, मूळ खाली लोंबू द्या. वस्तरा दुसऱ्या हातात, धार वर करून स्थिर. चिमटीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर केस धारेवर अलगद टेकवा आणि आपल्या वजनाने खाली येऊ द्या. ओढायचा नाही, झटका द्यायचा नाही. मूळ बाहेरच्या बाजूला असलं की धार खवल्यांत सहज अडकते. केस उलटा धरला तर तोच वस्तरा कमी धारदार भासतो. म्हणून दर वेळी केस एकाच बाजूने धरा.

आता काय होतं ते बघा. केस नुसताच घसरला तर तिथे धार नाही. घसरताना बोटांना बारीक खरखर जाणवली तर धार धरू लागली आहे. काही वेळा केस तुटत नाही, उभा चिरतो. म्हणजे काठ आत शिरतो, पण पार जाण्याइतका बारीक नाही. त्यानंतरची पायरी म्हणजे केस क्षणभर अडकून तुटणं. केवळ दगडावरून उतरलेल्या, पट्टा न लागलेल्या वस्तऱ्याकडून आम्ही एवढीच अपेक्षा ठेवतो. पट्ट्यानंतर केस टेकताक्षणी 'टक्' करून तुटला किंवा आवाज न करता दोन तुकडे झाले, तर वस्तरा दाढीला तयार आहे असं धरायला हरकत नाही.

हे पात्यावर एकाच जागी बघून भागत नाही. मुठीकडून टोकाकडे साधारण सेंटिमीटर-सेंटिमीटरवर बघत जा. पात्याला किंचित बाक असेल किंवा पाठीची झीज एकसारखी नसेल तर मध्ये उत्तम आणि टोकाला काहीच नाही, असं होतं. आमच्या अनुभवात तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा असा एखादा सुटलेला तुकडाच असतो.

आणि गैरसमजाचं मुख्य कारण : केसाकेसांत फरक असतो. जाड केस लवकर तुटतो, बारीक मऊ केस धारेवरून वाकून निसटतो. रंगवलेल्या केसाचं वागणं आणखी वेगळं. एकाने सांगितलेलं 'माझ्या वस्तऱ्यावर केस पडताक्षणी तुटतो' हे दुसऱ्याच्या केसाला लागू होईलच असं नाही. यावर साधा उपाय आहे. दुधारी रेझरचं नवं ब्लेड पाकिटातून काढा आणि आधी तुमचा केस त्यावर टेकवा. तिथेही तुटला नाही तर केस बदला, वस्तऱ्याला दोष देऊ नका. चांगला तुटतो असा केस सापडला की त्याच डोक्याचे चार-सहा केस पाकिटात ठेवून द्या आणि पुढेही तेच वापरा. तुमच्या वस्तऱ्याची आजची आणि महिन्यानंतरची धार ताडून बघायची ती अशी.

केस तुटतो, तरी दाढी खराब होते?

असं होऊ शकतं आणि त्याचं एक खास कारण आहे. दगडावर गरजेपेक्षा जास्त घासलं, विशेषतः दाब देऊन, की काठाचं पोलाद अतिशय पातळ होऊन तारेसारखं पुढे लोंबतं. ही तार केस झकास तोडते. पहिल्या गालावर वस्तरा सुरेख चालतो आणि दुसऱ्या गालावर अचानक ओढू लागतो, कारण मधल्या काळात तार वाकलेली किंवा तुटलेली असते. पट्टा मारण्याआधी केस तोडणारा वस्तरा पट्ट्यानंतर ढिला पडला, तरी हाच संशय घ्यावा. आम्ही शेवटच्या दगडाआधी पाठ मागे ठेवण्याऐवजी पुढे घालून काही हलके हात मारतो, मग शेवटचे हात निव्वळ वस्तऱ्याच्या वजनावर घेतो. तरीही एखाद्या पात्यावर तार राहून गेल्याची शंका आली तर तो वस्तरा जरूर परत पाठवा. घरी त्यावर उपाय करू नका.

कागद कापून बघू नका. कागदात चुन्यासारखी आणि मातीसारखी खनिजं भरलेली असतात, ती इतक्या बारीक काठाला घासतात. शिवाय स्वयंपाकघरातली बरी सुरीही कागद सरळ कापते, त्यावरून दाढीबद्दल काही कळत नाही.

शेवटचा निर्णय गालावर

वरचं सगळं अंदाज बांधण्यासाठी. वस्तरा दाढीसाठी आहे आणि त्याची खरी परीक्षा दाढीतच. फक्त ती परीक्षा नीट घ्यायला हवी.

दाढी कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं भिजू द्या. भिजलेला केस कापायला कोरड्या केसापेक्षा खूप कमी जोर लागतो आणि घाईत भिजवलेली दाढी उत्तम वस्तऱ्यालाही ओढते. साबणाचा फेस भरपूर करा. सुरुवात कानाखालच्या गालापासून, केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, दुसऱ्या हाताने कातडी ताणून. वस्तऱ्याचा कातडीशी कोन ३० अंशांच्या आसपास ठेवा. कोन याहून फार वाढला की वस्तरा कापण्याऐवजी खरवडतो आणि फार कमी झाला की केस ओढतो. दोन्ही वेळा दोष धारेचा वाटतो. म्हणून ओढल्यासारखं वाटलं तर आधी कोन थोडा बदलून त्याच गालावर पुन्हा बघा. हनुवटी आणि ओठांवरचा भाग शेवटी ठेवा. तिथले केस राठ आणि वळणं अवघड, तिथून धारेचं मोजमाप सुरू करू नये.

चांगल्या धारेला दाब लागत नाही. वस्तरा सरकतो आणि मागे गाल साफ होत जातो. दाढीनंतर चेहरा गार पाण्याने धुऊन ओली तुरटी फिरवा. थोडी चुणचुण कुठेही होईल. पण गालभर झोंबलं तर कातडी खरवडली गेली आहे. दाढी साफ झाली आणि तुरटी झोंबली, तर कोन आणि दाब तपासा. दाढीच साफ झाली नाही आणि झोंबलीही, तर धार तपासा.

एवढी वर्षं कार्ट्रिजचं (ब्लेडसकट डोकं बदलायचं) रेझर वापरून पहिल्यांदा वस्तऱ्याकडे वळणाऱ्यांसाठी : कारखान्यातल्या ब्लेडच्या काठावर पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) थर असतो आणि ते गुळगुळीत सरकण्यात त्याचा मोठा वाटा आहे. दगडावर तयार झालेल्या धारेचा स्पर्श वेगळाच असतो. दोन-चार दाढ्या झाल्याशिवाय मत बनवू नका.

दाढीनंतर पातं धुऊन लगेच कोरडं करा. साध्या पोलादाच्या पात्यावर ओल राहिली तर काठच आधी गंजतो. पुढच्या दाढीआधी चामडी पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून ५०-६० फेऱ्या मारा, पट्टा ताणलेला आणि हात हलका. पट्टा सैल सोडला तर काठ गोल होतो. पट्ट्यानंतरही ठेवणीतला केस तुटेनासा झाला आणि दाढीतही ओढ जाणवू लागली, म्हणजे वस्तरा पुन्हा दगडावर घ्यायची वेळ आली.

परत पाठवताना

वस्तऱ्यासोबत एक चिठ्ठी ठेवा. धार कुठे लागत नाही ते लिहा : मुठीजवळ, मध्ये की टोकाला, आणि उजव्या गालावर की डाव्या. पहिल्या दाढीपासून त्रास होता की नंतर सुरू झाला, आणि पट्टा किती फेऱ्या मारला, हेही कळवा. वस्तरा खाली पडला असेल किंवा नळाला लागला असेल तर ते आवर्जून सांगा. कपचा काढायला आम्हाला जाड दगडापासून सुरुवात करावी लागते आणि पात्याचं पोलाद जास्त जातं, तेव्हा कारण आधी माहीत असलेलं बरं. पातं धुऊन, पुसून, तेलाचा हात देऊन मुठीत मिटा आणि ते वाटेत उघडणार नाही असं कापडाच्या पट्टीने बांधा.