एचआरसीटीच्या स्कोअरपलीकडे

एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, नागपुरात कोणाच्याही घरचा माणूस भरती झाला की पहिला प्रश्न ठरलेला असे : ‘स्कोअर किती आला?’ मेडिकल किंवा मेयो हे सरकारी रुग्णालय असो की धंतोली-रामदासपेठेतले खासगी रुग्णालय, एचआरसीटीत, म्हणजे फुप्फुसांच्या बारकाईने घेतलेल्या सीटी स्कॅनमध्ये, २५ पैकी किती, या आकड्यावर नातेवाइकांचा जीव टांगणीला लागलेला असे. फुप्फुसांच्या पाच खंडांना प्रत्येकी ५ पर्यंत गुण देऊन काढलेला हा आकडा फुप्फुसांचा किती भाग बाधित झाला एवढेच सांगतो. मूत्रपिंडे, हृदय आणि रक्तवाहिन्या यांची अवस्था त्यातून कळत नाही, आणि गंभीर कोविडमध्ये रुग्ण दगावण्याचे कारण अनेकदा तिथेही असते.

हा विषाणू पेशींवरील एसीई-२ या प्रथिनाला चिकटून आत शिरतो. वायुकोष मिटू नयेत म्हणून त्यांना आतून पातळ अस्तर पुरवणाऱ्या पेशींवरही हे प्रथिन असते. त्या पेशी मेल्या की वायुकोष मिटू लागतात, केशवाहिन्यांतून पाझरलेला द्रव त्यांत साचतो आणि रक्ताला प्राणवायू मिळेनासा होतो. ऑक्सिमीटर ८० दाखवत असतानाही काही रुग्ण शांतपणे बोलत बसलेले दिसत. याचे एक कारण असे की, धाप लागल्याची जाणीव बरीचशी रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते, आणि तो वायू सुरुवातीला बाहेर पडत राहतो. या दिसण्याने किती घरे गाफील राहिली!

पुढचे बरेचसे नुकसान शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा करते. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत जून २०२० मध्ये दिसले की, डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा लाभ झाला नाही. प्रतिकार दाबणारे औषध गंभीर रुग्णाला वाचवते, यातच या आजाराचे स्वरूप कळते.

प्रतिकारयंत्रणेच्या या अतिरेकातून उसळलेल्या दाहाने रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर दुखावते आणि गुठळ्या होऊ लागतात. म्हणून डॉक्टर डी-डायमर, म्हणजे गुठळ्या विरघळताना रक्तात उतरणारा घटक, पुन्हा पुन्हा तपासत. गुठळी फुप्फुसात अडकली तर श्वास कोंडतो, मेंदूत अडकली तर पक्षाघात होतो. विदर्भात सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचे, रुग्ण बरेच आहेत, आणि त्यांच्या रक्तवाहिन्या मुळातच तुंबण्याकडे झुकलेल्या असल्याने त्यांच्यासाठी ही स्थिती अधिक घातक ठरते.

मूत्रपिंडांवर घाला अनेक बाजूंनी येतो : रक्तदाब घसरतो, प्राणवायू कमी पडतो, दाह आणि सूक्ष्म गुठळ्या भर घालतात. मूत्रपिंडांनी गाळून बाहेर टाकायचे क्रिएटिनिन रक्तात वाढत जाते आणि काहींना डायलिसिस लागते. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे रक्तातील ट्रोपोनिन सांगते.

स्टेरॉइडने साखर भडकते, आणि अनियंत्रित मधुमेहात काळ्या बुरशीला, म्हणजे म्युकरमायकोसिसला, वाव मिळतो. दुसऱ्या लाटेनंतर नागपुरात काहींचे डोळे आणि जबडे काढावे लागले ते यामुळेच. अतिदक्षता विभागातून घरी आलेल्या ज्यांचे क्रिएटिनिन तेव्हा वाढले होते, त्यांनी आज काहीही त्रास नसला तरी वर्षातून एकदा क्रिएटिनिन, लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन आणि साखर तपासून घ्यावी, कारण मूत्रपिंडांची झीज बराच काळ कोणतेही लक्षण दाखवत नाही.