हात रेस वेगळी, गव्हर्नर वेगळा

जुलैत मुरबाड-शहापूरकडे चिखलणीची घाई सुरू झाली की माझ्याकडे एकाच तक्रारीचे ट्रॅक्टर येतात. "रेस मिळत नाही, दांडा सेट करून द्या." रेस म्हणजे इंजिनाचा वेग. टोकावड्याकडचे एक काका जुना तीन सिलिंडरचा डिझेल ट्रॅक्टर घेऊन आले, तेव्हा डिझेलच्या पंपाकडे जाणारा रॉड कुणीतरी आधीच पाच-सहा आटे फिरवून ठेवला होता. रॉड जागेवर आवळून धरणारा चेक नट सैल होता. पंपावरच्या वरच्या स्क्रूची शिशाची सीलही पकडीनं तोडलेली. हे बघून मला खरोखर राग येतो. बिघाड एकीकडे असतो आणि पाना भलतीकडेच चालवलेला असतो.

रेसचा दांडा काय करतो हे तुम्हाला सांगायला नको. स्टिअरिंगजवळचा हाताचा दांडा, पायाखालचं पेडल, तिथून रॉड किंवा केबल आणि शेवटी पंपावरचा हात, म्हणजे पंपाची छोटी लिव्हर. शेतात हात रेस, रस्त्यावर पाय रेस. दोन्ही त्याच एका हातावर येऊन मिळतात.

घोळ होतो तो इथून पुढे. बहुतेकांना वाटतं, दांडा पुढे केला की तेवढं डिझेल जास्त जातं. मोटरसायकलच्या सवयीनं तसं वाटणं साहजिक आहे, पण ट्रॅक्टरच्या डिझेल पंपात तसं नसतं. दांडा फक्त सांगतो की इंजिन किती फेऱ्यांवर फिरायला हवं. त्यासाठी किती डिझेल द्यायचं हे ठरवतो गव्हर्नर.

हे तुम्ही रोज बघता, फक्त त्या नजरेनं बघत नाही. रोटाव्हेटर जोडलेला ट्रॅक्टर उभा ठेवा, हात रेस मध्यावर ठेवून हात काढून घ्या आणि लिफ्ट वर करा. इंजिन क्षणभर दबतं, सायलेन्सरमधून थोडा काळा धूर येतो आणि आवाज परत जागेवर येतो. दांड्याला तुम्ही हात लावला नव्हता. जास्तीचं डिझेल गव्हर्नरनं सोडलं.

पंपाच्या पोटात इंजिनाबरोबर फिरणारी वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि डिझेल कमी करतात. समोरून एक स्प्रिंग त्यांना आत दाबत असते. दांडा पुढे केला की ही स्प्रिंग आणखी ताणली किंवा दाबली जाते, म्हणजे वजनांना फाकायला जास्त वेग लागतो. दोघांचं जिथे जुळतं, तिथे इंजिन टिकतं. काही जुन्या इंजिनांत वजनांऐवजी हवेच्या ओढीवर चालणारा पडदा असतो, पण काम तेच.

आता चिखलातलं बघा. खाचरात इंजिन दबून चाललंय, धूर सोडतंय. गव्हर्नरनं पंपाला जेवढं देता येतं तेवढं डिझेल आधीच सोडलेलं असतं. अशा वेळी दांडा आणखी पुढे ढकलून जोर वाढत नाही. रॉड लांब-आखूड करूनही वाढत नाही. आणि सील तोडून वरचा स्क्रू फिरवला तर? तो स्क्रू जास्तीत जास्त वेगाचा आहे, जास्तीत जास्त डिझेलचा नाही. डिझेलची मर्यादा पंपात वेगळी बांधलेली असते. मग होतं असं की रिकाम्या इंजिनाची रेस धोक्याच्या वर जाते आणि चिखलातला जोर होता तेवढाच राहतो. पीटीओला, म्हणजे मागचं अवजार फिरवणाऱ्या शाफ्टला, मिनिटाला 540 फेऱ्या मिळाव्यात म्हणून मीटरवर खूण केलेली असते. सील तुटली की त्या खुणेला काही अर्थ उरत नाही आणि जोडलेलं अवजार गरजेपेक्षा जोरात फिरतं. ती सील पंपवाल्यानं टेस्ट बेंचवर, म्हणजे पंप तपासायच्या यंत्रावर, लावायची असते, शेतात बसून तोडायची नसते.

मग दोष कुठे आहे हे कसं ओळखायचं? माझी एकच पद्धत आहे आणि तिच्याआधी मी पान्याला हात लावत नाही. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, पीटीओ बंद. इंजिन बंद करायची ओढकेबल नीट चालते हे आधी तपासायचं. मग रॉड पंपाच्या हातापासून सोडवायचा, इंजिन चालू करायचं आणि पंपाचा हात स्वतःच्या हातानं खालच्या, म्हणजे कमीत कमी वेगाच्या, स्क्रूपासून वरच्या स्क्रूपर्यंत सावकाश न्यायचा. रेस खाली-वर बरोबर मिळाली तर पंप आणि गव्हर्नर रेस देतायत, दोष पंपाबाहेर शोधायचा, आधी जोडणीत. तुमच्या हातानंही रेस मिळत नसेल तर रॉड कितीही फिरवा, उपयोग नाही.

रेस झुलत असेल तेव्हाही हेच. पंपाचा हात घट्ट धरून ठेवला तरी इंजिन वर-खाली होतंय? मग डिझेलमध्ये हवा आहे, फिल्टर चोंदलाय किंवा गव्हर्नर आत अडकतोय. हात धरल्यावर झुलणं थांबलं तर बॉल जॉइंट झिजलाय, नाहीतर पिनेचं भोक लांबट झालंय. तिथे पिनेऐवजी बांधायची तार घातलेली मला अजिबात चालत नाही. जराशा ढिलाईनंही रेस हलते. आणि खड्ड्यातून जाताना हात रेस आपोआप उतरत असेल तर दांड्याच्या बुडचा घर्षणाचा वॉशर सैल झालाय, तो आवळायचा. याचा आळ पंपावर आलेला मी कितीदा तरी पाहिलाय.

जोडणी लावताना लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच: पंपाचा हात स्क्रूला आधी टेकला पाहिजे, दांडा खाचेच्या टोकाला नंतर. दांड्याची थोडी चाल उरलेली असावी. उलटं झालं तर पूर्ण रेस कधीच मिळणार नाही. दांडा मागे घेतला की हात खालच्या स्क्रूवर पूर्ण बसायला हवा, तिथे अडकून राहता कामा नये.

परदेशी जुन्या ट्रॅक्टरांचे व्हिडिओ बघून इथे रॉड लावू नका. त्यातले बरेच पेट्रोलचे असतात. त्यांत गव्हर्नर बाहेर असतो आणि त्याचा रॉड कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, झडपेला ओढतो. तिथे इंजिन बंद ठेवून, दांडा पूर्ण पुढे करून झडप पूर्ण उघडतेय का, हे बघून लांबी ठरवतात. आपल्या डिझेल पंपाला तो हिशोब लागू नाही.

काकांच्या ट्रॅक्टरचा रॉड सोडवून बघितला. हातानं रेस चढली, पण स्क्रू फिरवल्यामुळे भलतीच वर. म्हणजे पंप रेस द्यायला तयार होता, जोर दुसरीकडे अडत होता. ट्रॅक्टर उन्हाळाभर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर ट्रॉली ओढत होता. एअर फिल्टरची तेलाची वाटी उघडली तर तळाला लाल चिखल बसलेला, तेल गुळाच्या पाकासारखं घट्ट. इंजिनाला हवाच पुरत नव्हती. वाटी धुतली, नवीन तेल खुणेपर्यंत भरलं. पंप मात्र सील लावण्यासाठी कल्याणला बेंचवर पाठवावा लागला आणि भर आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत काकांचे दोन दिवस त्यातच गेले.