पिवळा पाऊस: आरोप लाओसमधला, डाग आमच्या गच्चीवरचे

इंदूरला रामबागेत आमच्या शेजारच्या काकूंनी गच्चीवर पांढऱ्या चादरी वाळत घातल्या होत्या, संध्याकाळी काढायला गेल्या तर सगळ्यांवर मोहरीएवढे पिवळे ठिपके. कुठल्या तरी कारखान्याने हवेत काही सोडलं असणार असं त्यांचं म्हणणं. मी बोटाने वर दाखवलं, पाण्याच्या टाकीखाली हातभर लांबीचं आग्यामोहोळ लटकत होतं. माश्यांची शी आहे म्हटल्यावर काकूंचा विश्वासच बसेना. पण याच पिवळ्या ठिपक्यांवरून एकेकाळी अमेरिका आणि रशिया जाहीरपणे भांडले होते, म्हणून ती सगळी पार्श्वभूमी लिहितोय.

१३ सप्टेंबर १९८१. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी पश्चिम बर्लिनच्या भाषणात सांगितलं की लाओस, कंबोडिया आणि अफगाणिस्तानात सोव्हिएत रशिया आणि त्याचे साथीदार विषारी अस्त्रं वापरतायत, आणि पुरावा म्हणून आग्नेय आशियातून आलेल्या पाना-डहाळीच्या नमुन्यात बुरशीची विषं सापडली. ही विषं सजीवापासून बनतात, म्हणून १९७५ला लागू झालेल्या जैविक अस्त्रबंदी करारात तीही येतात. म्हणजे आरोप साधा नव्हता, करार मोडल्याचा होता. आणि त्या करारात तपासणीची सोयच नाही, कोण खरं कोण खोटं हे ठरवायचं कुणी?

लाओसच्या डोंगरातले ह्मोंग लोक अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेच्या, सीआयएच्या, बाजूने लढले होते, १९७५ला कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि त्यांच्यावर संकट कोसळलं, हजारो लोक मेकाँग ओलांडून थायलंडच्या छावण्यांत आले. ते सांगायचे की विमानं आली, पिवळं काहीतरी पडलं (यालाच पुढे ‘पिवळा पाऊस’ म्हणू लागले), मग उलट्या, रक्त, माणसं गेली. त्यांचं मरण खोटं नव्हतं, हे मला आधीच स्पष्ट लिहायचंय.

आणि अमेरिकेचा संशयही हवेतून आला नव्हता. १९७९च्या एप्रिलमध्ये रशियात स्वेर्दलोव्स्कला अँथ्रॅक्सने किमान ६६ माणसं मेली, सरकार म्हणालं खराब मटणामुळे, खरं कारण लष्करी प्रयोगशाळेतून निसटलेले जंतू, पण ते रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी कबूल करायला १९९२ उजाडलं. उलट बाजूनेही असंच झालेलं. १९५२ला कोरियन युद्धात चीन आणि उत्तर कोरियाने आरोप केला की अमेरिका पिसवा-किडे टाकून रोग पसरवतेय. लोकांना ते पटलं, कारण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानी लष्कराच्या युनिट ७३१ या जंतुयुद्ध पथकाने चीनमध्ये खरोखरच प्लेगच्या पिसवा टाकल्या होत्या आणि त्याचा प्रमुख शिरो इशी याला अमेरिकेने माहितीच्या बदल्यात सोडून दिलं होतं. जोसेफ नीडहॅम यांच्यासारखा मोठा ब्रिटिश शास्त्रज्ञ असलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने आरोप मान्य केला, अमेरिकेने साफ नाकारला, १९९८ला बाहेर आलेली सोव्हिएत कागदपत्रं मात्र सांगतात की पुरावे रचलेले होते. काही इतिहासकार अजूनही ती कागदपत्रं मानत नाहीत.

परत पिवळ्या ठिपक्यांकडे. आग्नेय आशियातून आलेले ठिपक्यांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली घातले तर त्यात भरपूर परागकण. आता विषाच्या अस्त्रात पराग कशाला टाकेल कुणी? आणि तेही पोकळ, आतलं प्रोटीन पचलेलं. हार्वर्डचे जीवशास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेलसन आणि मधमाशीतज्ज्ञ टॉमस सीली यांनी म्हटलं, ही माश्यांची विष्ठा आहे. आग्या माश्या पोळ्यात घाण करत नाहीत, एकदम झुंडीने बाहेर पडतात, इतक्या उंच की खालून दिसतही नाहीत, आवाजही येत नाही, आणि खाली पिवळी बुंदकी बरसते. १९८४ला दोघे थायलंडला गेले, तिथे स्वतः त्या पावसात सापडले, आणि तसे ठिपके पडलेली पानं ह्मोंग निर्वासितांना दाखवली तर काहींनी तेच विष म्हणून ओळखलं. चीनमध्ये जिआंग्सू प्रांतात १९७६ला असाच पाऊस पडला होता, तिथल्या शास्त्रज्ञांनी माश्याच कारण सांगितलं होतं, पण ते कुणी वाचलंच नव्हतं. ब्रिटनच्या पोर्टन डाउन या लष्करी प्रयोगशाळेला तिच्याकडे आलेल्या नमुन्यांत ती बुरशीची विषं मिळाली नाहीत. आपल्या भारतातही २००२ला बंगालच्या संग्रामपूरला हिरवट-पिवळे थेंब पडले, रासायनिक हल्ला झाला म्हणून लोक घाबरले, तपासात निघाली माश्यांची विष्ठा.

मला वाटतं माश्यांचं स्पष्टीकरण ठिपक्यांपुरतं पक्कं आहे. पण गावांवर बाँब पडले, लोक पळताना उपाशी आणि आजारी मेले, आणि त्या सगळ्याला त्यांनी डोळ्यांसमोरच्या पिवळ्या डागाशी जोडलं तर त्यात खोटेपणा कुठला? निर्वासितांना प्रश्न विचारणाऱ्यांनीच ‘विष कधी पडलं’ असं विचारायला सुरुवात केली होती, ‘काय झालं’ असं नाही. अमेरिकेने आरोप अधिकृतपणे कधी मागे घेतला नाही. ह्मोंग कुटुंबं मिनेसोटात आणि कॅलिफोर्नियात वसली, तिथले म्हातारे अजूनही विष पडलं असंच सांगतात, आणि त्यांना कुणी ‘माश्यांची शी’ म्हटलं की ते त्यांच्या मेलेल्या माणसांना उडवून लावल्यासारखं वाटतं.

काकूंनी चादरी लिंबू लावून परत धुतल्या. डाग फिके झाले, गेले नाहीत.