दुपारी मान टाकणारी जास्वंद आणि ताठ उभी कण्हेर

मे महिन्यात दुपारी दोनला गच्चीवर गेलं की शेजारशेजारच्या दोन कुंड्यांत रोज एकच दृश्य दिसतं. जास्वंदीची पानं ओल्या फडक्यासारखी लोंबलेली असतात आणि हातभर अंतरावरची कण्हेर सकाळी होती तशीच ताठ. ऊन दोघींना सारखं, कुंड्या एकाच मापाच्या. पहिल्या वर्षी मी पाणीही दोघींना सारखंच घातलं. जास्वंद तहानलेली राहिली आणि कण्हेरीच्या बुडाशी पाणी साचून तिची पानं पिवळी पडली. झुडपाला काय हवं हे त्याच्या पानावरच लिहिलेलं असतं, हे मला तिथे कळलं.

जास्वंदीचं पान रुंद, पातळ, मऊ असतं. ज्या छिद्रांतून पान हवा घेतं आणि वाफ सोडतं ती पर्णरंध्रं तिच्यात उघड्यावरच असतात. पाणी भरपूर असेल तर ही चैन परवडते: पान थंड राहतं, वाढ झपाट्याने होते, कळ्यांवर कळ्या येतात. कण्हेरीचं पान लांबट, चिवट, वरून मेणचट असतं. उलटं करून भिंगातून पाहिलं तर बारीक टिंबं दिसतात. ते खळगे आहेत. पर्णरंध्रं त्या खळग्यांच्या आत दडलेली असतात आणि तोंडाशी केसांची दाट लव असते. आतली दमट हवा लवेत अडकून राहते, त्यामुळे कोरडा वारा थेट रंध्रांपर्यंत पोचत नाही. भूमध्य समुद्राच्या काठापासून आपल्या उपखंडापर्यंत ही कण्हेर रानात उगवते ती प्रामुख्याने ओढ्यांच्या पात्रांत. पावसाळ्यात पूर, उन्हाळ्यात नुसते धोंडे. दोन्ही सोसण्याची तिची तयारी तिथली आहे. महामार्गाच्या दुभाजकावर, डिझेलच्या धुरात आणि टँकरच्या अधूनमधून मिळणाऱ्या पाण्यावर ती फुलते, ती याच बळावर. हिरोशिमात १९४५च्या अणुबॉम्बनंतर होरपळलेल्या जमिनीतून पहिल्यांदा जी फुलं उमलली त्यांत कण्हेर होती असं तिथले लोक मानतात; १९७३मध्ये तिला त्या शहराचं फूल म्हणून मान मिळाला.

जास्वंदीने दुपारी मान टाकली म्हणून लगेच पाणी ओतू नये. आधी मातीत बोट खुपसून बघावं. माती ओली असेल आणि संध्याकाळी पानं पुन्हा उभी राहिली, तर मुळांना मागणीएवढं पाणी वर पोचवता आलं नव्हतं इतकंच. संध्याकाळीही पानं तशीच राहिली तर मात्र एकतर माती कोरडी आहे किंवा मुळं कुजताहेत.

मातीच्या बाबतीतही दोघींचं जमत नाही. कोकणात आणि गोव्यात कुंपणाच्या जास्वंदी माणसापेक्षा उंच होतात, काही न करता. तिथली जांभ्याची माती आंबट आहे आणि पाऊस उदंड. तीच फांदी देशावरच्या चुनखडीच्या काळ्या मातीत लावली आणि बोअरचं जड पाणी घातलं की वर्षभरात नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी याला केवडा पडला म्हणतात. जमिनीत लोह असतं, पण अल्कधर्मी मातीत ते मुळांना विरघळलेल्या रूपात मिळत नाही, आणि लोहावाचून हरितद्रव्य बनत नाही. लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम हिराकस (लोहाचाच एक क्षार) आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारला की फरक दिसतो. शेणखत, पालापाचोळ्याचं खत वरचेवर घालत राहणं हा खरा उपाय. कण्हेरीला चुनखडी, खारं पाणी यांची फिकीर नाही. तिला पुरेसं ऊन मिळालं की पुरे. सावलीत दोघीही नुसती पानं वाढवतात.

जास्वंद लावणाऱ्या प्रत्येकाच्या घरी एक दिवस पांढरा कापूस येतो. कळ्यांच्या देठाशी, कोवळ्या शेंड्यांवर. तो पिठ्या ढेकूण. भेंडी, कापूस आणि जास्वंद एकाच कुळातल्या, त्यामुळे त्यांची दुखणीही बरीच सामायिक. हा कीटक रस शोषतो आणि गोड चिकटा सोडतो. त्या चिकट्यासाठी मुंग्या येतात आणि त्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात. म्हणून झाडावर मुंग्यांची रांग दिसली की शेंडे तपासावेत. सुरुवातीलाच पाण्याची जोरदार धार मारून कीड धुऊन काढावी, मग साबणाचं सौम्य पाणी किंवा कडुनिंबाचं तेल. जहाल औषधाने मित्रकीटकच आधी मरतात. ढेकणाला त्याच्या मेणाचं कवच असतं.

मित्रकीटक किती मोठं काम करतात याचं उदाहरण आपल्याकडेच घडलं. मूळचा मेक्सिकोकडचा पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८मध्ये कोइमतूरला सापडला आणि पपई, तुती, जास्वंद, जे दिसेल त्यावर पसरला. फवारण्यांनी तो आवरेना. २०१०मध्ये पोर्तो रिकोहून गांधीलमाशीच्या जातकुळीतले इवलेसे परजीवी कीटक आणून सोडले गेले. त्यांतला असेरोफॅगस पपाये नावाचा ढेकणाच्या अंगात अंडं घालतो आणि अळी त्याला आतून खाते. त्यांनी ती साथ आटोक्यात आणली.

कण्हेरीवर पिवळा मावा सोडला तर सहसा फारसं काही येत नाही, कारण ती विषारी आहे. मूळ, साल, पान, फूल, चीक, सगळंच. ओलिअँड्रिन आणि त्याच्या जातीची द्रव्यं हृदयाच्या पेशींतला सोडियम-पोटॅशियमची अदलाबदल करणारा पंप अडवतात. उलट्या होतात, नाडी मंद आणि अनियमित होते. पान वाळलं तरी विष जात नाही, म्हणून छाटलेल्या फांद्या चाऱ्यात मिसळल्या तर गुरं दगावतात, आणि त्या जाळणंही धोक्याचं, धूर बाधतो. केरळात २०२४मध्ये एका तरुणीच्या मृत्यूमागे कण्हेरीचं पान असल्याचा संशय व्यक्त झाला, त्यानंतर त्रावणकोर देवस्वम मंडळाने नैवेद्यात आणि प्रसादात ही फुलं वापरणं थांबवलं. देवाला फूल वाहायला हरकत नाही, ते खाण्याच्या पदार्थावर ठेवू नये. पिवळ्या घंटेसारख्या फुलांची बिट्टी हे वेगळं, अमेरिकेतून आलेलं झाड. तिच्या बिया मुलं खेळायला घेतात आणि त्याही जीवघेण्या आहेत.

म्हणून घरात रांगणारं मूल असेल, दारात शेळी-गाय असेल तर मी कण्हेर लावू नका असंच सांगेन. तिथे जास्वंदच हवी. गणपतीला लाल फूल मिळतं, पानं कुटली की येणाऱ्या बुळबुळीत रसाने केस मऊ धुतले जातात, आणि लाल पाकळ्यांच्या पाण्यात लिंबू पिळलं की ते गुलाबी, खाण्याचा सोडा टाकला की हिरवट होतं. मुलांना आम्ल-आम्लारी शिकवायला याहून स्वस्त साधन नाही. रस्त्याकडेच्या, उन्हात तापणाऱ्या, पाणी न पोचणाऱ्या कुंपणाला मात्र कण्हेरच टिकेल.

फुलं दोघींनाही नव्या फुटव्यांवर येतात. थंडी सरताना फांद्या एक तृतीयांश छाटाव्यात. कण्हेर छाटताना हातमोजे घालावेत आणि कात्री धुऊन ठेवावी. जास्वंदीच्या छाटलेल्या काड्यांतल्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब काड्या ओलसर सावलीत लावल्या की रोपं होतात. आपल्या बागांतल्या बहुतेक जास्वंदींना बी धरत नाही, त्यामुळे पिढ्यानपिढ्या ती अशीच हातोहात पसरली आहे.

एका बाबतीत कण्हेर सगळ्यांना फसवते. तिच्या फुलाला रंग आहे, गंध आहे, पण मध नाही. शिंजीर जास्वंदीच्या फुलाच्या बुडाशी चोच खुपसून मध पितो, कण्हेरीकडे फिरकत नाही. पण तिच्या पानांवर वाढणारे आहेत. पांढऱ्या ठिपक्यांच्या काळपट तपकिरी फुलपाखराची पट्टेरी अळी हे विष खाऊन पचवते आणि पानाखाली कोष टांगते. तो कोष आरशासारखा चंदेरी असतो, त्यात आजूबाजूची पानं दिसतात. पावसाळ्यात कण्हेरीची पानं कुरतडलेली दिसली तर कात्री उचलण्याआधी पानं उलटी करून बघा.