प्रयोगशाळेतला खगोलीय प्लाझ्मा

सुपरनोव्हाचे (फुटणाऱ्या ताऱ्यांचे) शॉक म्हणजे धक्कालहरी, ताऱ्यांचे जेट म्हणजे झोत, दीर्घिकांमधली चुंबकीय क्षेत्रं, असल्या ठिकाणी प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन सुटे झालेला तापलेला वायू) जसा वागतो तसा तो प्रयोगशाळेत लेसर किंवा जबर करंट वापरून वागायला लावायचा आणि मोजायचा, एवढाच हा विषय.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. बरेच जण नॉर्वेच्या क्रिस्टियान बिर्कलंड या भौतिकशास्त्रज्ञापासून मोजतात, त्याने 1900च्या आसपास हवा काढलेल्या पेटीत चुंबक घातलेला गोळा ठेवून त्यावर कॅथोड किरण सोडले आणि ध्रुवांभोवती उजेडाची कडी उमटली, म्हणजे ध्रुवीय प्रकाशच. दुसरं मत असं की नुसतं तसं दिसणं पुरेसं नाही, विषय उभा राहिला तो 1987 साली दिसलेल्या सुपरनोव्हा 1987ए नंतर, मोठे लेसर हाताशी आल्यावर, साधारण 1990च्या दशकात. हेच जास्त पटतं, कारण स्केलिंगचं गणित, म्हणजे छोट्या प्रयोगावरून प्रचंड मोठ्या घटनेचा हिशोब कधी करता येतो ते, र्‍युटोव्ह आणि सहकाऱ्यांनी 1999 साली नीट मांडलं.

ते गणित असं: घर्षण, उष्णतेचं वहन आणि प्रारण दोन्हीकडे, प्रयोगात आणि आकाशात, नगण्य असेल, सुरुवातीचा आकार सारखा असेल आणि ऑयलर आकडा (घनतेला दाबाने भागून त्याचं वर्गमूळ काढायचं आणि त्याने वेगाला गुणायचं) जुळत असेल, तर दोन्ही प्रवाह एकाच समीकरणाने चालतात, मग इकडचे काही नॅनोसेकंद म्हणजे तिकडचे काही तास. यातली एक जरी अट मोडली तरी तुलना लंगडी पडते, आणि बातम्यांमध्ये 'लॅबमध्ये तारा बनवला' छापतात तेव्हा नेमकं हेच गाळलेलं असतं. स्वतःचं गुरुत्वाकर्षण तर असल्या प्रयोगात येतच नाही.

सगळ्यात जास्त वाद विश्वातल्या पहिल्या चुंबकीय क्षेत्राचा. जर्मन खगोलशास्त्रज्ञ लुडविग बियरमान यांनी 1950 साली सुचवलं की तापमान आणि घनता वेगवेगळ्या दिशेने बदलत असतील तर क्षेत्र शून्यातून तयार होतं. फ्रान्समध्ये लेसरने शॉक उठवून ते 2012 साली मोजून दाखवलं. पण या मार्गाने मिळणारं बीज, म्हणजे सुरुवातीचं क्षेत्र, फारच क्षीण, साधारण 10⁻²⁰ गॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक), आणि दीर्घिकांत दिसतात मायक्रोगॉस, म्हणून मध्ये डायनॅमो लागतो, म्हणजे प्लाझ्माच्या हालचालीने क्षेत्र वाढत जाणं. काही जण बीज थेट विश्वाच्या आरंभाचं मानतात, प्रयोगातून त्याचा निकाल लागत नाही. अमेरिकेत रॉचेस्टरच्या 60 किरणांच्या ओमेगा लेसरवर प्लाझ्माचे दोन झोत जाळीतून सोडून एकमेकांवर आदळवले, तेव्हा खळबळीने क्षेत्र वाढून 100 किलोगॉसच्या घरात गेलं (2018).

पुण्याचा वाटा मुख्यतः थिअरीचा आणि निरीक्षणाचा. तेव्हा आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेत असलेले कंदस्वामी सुब्रमण्यन आणि आक्सेल ब्रांडेनबुर्ग यांचा 2005चा डायनॅमोवरचा आढावा या क्षेत्रात अजून चाळला जातो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या 30 डिश आहेत, आणि गंमत म्हणजे रेडिओवाले ज्या फॅराडे रोटेशनने (चुंबकीय क्षेत्रातल्या प्लाझ्मातून जाताना लहरींची कंपनाची दिशा फिरते, त्यावरून) दूरचं क्षेत्र मोजतात तेच लेसरवालेही वापरतात. प्रत्यक्ष लेसर प्रयोगांसाठी जवळचं नाव मुंबईच्या टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्था).